वाचावयाचे आणि पसरवावयाचे : युद्धकालीन उपहासनकाशांचा भाषिक विचार

१

नकाशाच्या कडेला खुणांचा अर्थ सांगणारी जी सूची असते, तिला इंग्रजीत 'लेजेंड' म्हणतात. हा शब्द लॅटिन 'लेगेन्दा' या रूपावरून आला असून त्याचा मूळ अर्थ 'वाचावयाच्या गोष्टी' असा आहे. 'प्रोपगँडा' हा शब्दही त्याच घडणीचा होय. १६२२ साली रोम येथे धर्मप्रसारासाठी जे मंडळ स्थापन झाले, त्याच्या लॅटिन नावातून तो युरोपीय भाषांत उतरला. 'पसरवावयाची' हा त्याचा व्याकरणिक अर्थ. संस्कृतातील 'कर्तव्य', 'करणीय' ही रूपे आणि मराठीतील '-वयाचा' हा प्रत्यय यांनी जो अर्थ व्यक्त होतो, तोच या दोन्ही लॅटिन रूपांचा आहे. कोणी वाचावयाचे आणि कोणी पसरवावयाचे, हे मात्र ती रूपे स्वतःहून सांगत नाहीत. कर्ता त्यांत अध्याहृत असतो.

हे व्युत्पत्तीचे स्मरण केवळ कौतुकासाठी केलेले नाही. युद्धाच्या काळात युरोपात व पुढे अन्यत्र जे उपहासात्मक नकाशे निघाले, त्यांचे मर्म या दोन शब्दांच्या जोडीत सापडते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. देशांच्या सीमारेषांत माणसांच्या किंवा जनावरांच्या आकृती बसवून तत्कालीन राजकारणावर टीका करणारे हे नकाशे आज मोठ्या ग्रंथालयांत जतन केले जातात. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचा पी. जे. मोड संग्रह त्यासाठी प्रसिद्ध आहे. तथापि त्यांच्याकडे पाहण्याची सर्वसाधारण दृष्टी दोन समजुतींवर उभी असते. पहिली समजूत अशी की, हे नकाशे म्हणजे एक जुनी, निरुपद्रवी गंमत. दुसरी अशी की, त्यांत चित्रच सर्व काही बोलते आणि खालचा मजकूर ही केवळ जोड असते. या दोन्ही समजुती तपासून पाहाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू आहे. त्यांतील दुसरी समजूत ढासळली की पहिलीही टिकत नाही, हे पुढे दिसून येईल.

२

या प्रकाराची पूर्वपीठिका थोडक्यात सांगून पुढे जाणे योग्य. १५३७ साली योहानेस पुत्श याने युरोपखंड मुकुटधारी राणीच्या देहात रेखाटले. १५८३ मध्ये मिखाएल आइत्सिंगर याने नेदरलंडचे प्रांत एका सिंहाच्या आकृतीत बसविले. स्पेनविरुद्ध त्या प्रांतांनी पुकारलेल्या बंडाचा तो काळ होता. राणी आणि सिंह या दोन्ही आकृती गौरवाच्या आहेत. उपहास पुढे आला. १७९३ मध्ये इंग्रज व्यंगचित्रकार जेम्स गिलरे याने इंग्लंडचा देह करून फ्रान्सच्या किनाऱ्यावर त्याच्याकडून जो भडिमार करविला, तो इतका ग्राम्य आहे की त्याचे वर्णन या पानांवर न करणेच बरे. १८६८ च्या सुमारास लिलियन लँकेस्टर या तरुण मुलीने काढलेली देशोदेशींची विनोदी रूपे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. मुलांना भूगोलाची गोडी लागावी, हा त्यामागील उद्देश होता. म्हणजे प्रशस्ती, शिवी व पाठ्यपुस्तक अशा तिन्ही वाटांनी हे तंत्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युद्धाच्या हाती सोपविण्यासाठी सिद्ध झाले होते.

३

फ्रान्स आणि प्रशिया यांच्या १८७० च्या युद्धाच्या वेळी पॉल हादोल या फ्रेंच चित्रकाराने काढलेला युरोपचा नकाशा हे या प्रकाराचे पहिले पूर्ण उदाहरण म्हणून घेता येईल. त्यात प्रशिया हा गुडघ्याखाली ऑस्ट्रियाला दाबून हॉलंडवर हात ठेवणारा पुरुष आहे. स्पेन ही पोर्तुगालवर रेलून धूम्रपान करणारी स्त्री आहे. रशिया हा पाठीवरची टोपली भरू पाहणारा बागुलबोवा आहे. इंग्लंड ही रागाने धुमसणारी एकाकी बाई असून आयर्लंड हे तिने दोरीला बांधलेले जनावर आहे.

या रचनेचे स्वरूप आपल्या अलंकारशास्त्राच्या परिभाषेत चांगले सांगता येते. श्लेषात एकच शब्दावली दोन अर्थ देते. त्याप्रमाणे येथे एकच रेषा दोन आकृती देते. आयबेरियन द्वीपकल्पाचा किनारा हा किनाराही असतो आणि टेकून बसलेल्या बाईच्या देहाची कडाही असतो. वाचकाला जो आनंद होतो तो प्रथमतः या श्लेषाचा. परंतु शब्दश्लेषाचा आणखी एक गुण येथे काम करीत असतो. श्लेष जमून आला की दोन अर्थांतील संबंध कवीने लादलेला नसून भाषेतच मुळात होता, असा भास होतो. नकाशातही तेच घडते. किनारा भूमापकांनी मोजलेला आहे, तो खोटा नाही. म्हणून त्यात बसलेली आकृतीही खोटी नसावी, अशी समजूत नकळत तयार होते. साध्या व्यंगचित्राला हे बळ नसते. नकाशाच्या प्रामाण्याची उसनवारी करून उपहासनकाशा बोलतो, हे त्याचे खरे वैशिष्ट्य होय.

हादोलच्या नकाशाखाली प्रत्येक देशाविषयी एकेक वाक्य आहे. फ्रान्स प्रशियाचे आक्रमण परतवीत आहे, अशा अर्थाचे वाक्य त्यात आढळते. त्याच वर्षी २ सप्टेंबर रोजी सेदां येथे तिसरा नेपोलियन शरण गेला. यात हादोलची चेष्टा करण्याचे कारण नाही. चित्राला काळ नसतो. ढकलणारा हात कागदावर कायमचा ढकलीत राहतो. तो ढकलू शकेल काय, ढकलता ढकलता मोडेल काय, हे चित्राला सांगता येत नाही. 'जर', 'कदाचित', 'नाही', 'अजून' हे शब्द चित्राच्या कोशात नाहीत. ते आणावयाचे तर सूचीतच आणावे लागतात. सूचीकाराने ते आणले नाहीत, तर इच्छा ही वस्तुस्थिती म्हणून छापली जाते.

४

आता या प्रकारातील सर्वांत प्रभावी कृतीकडे वळू. २४ एप्रिल १८७७ रोजी रशियाने तुर्कस्तानाविरुद्ध युद्ध पुकारले. त्याच वर्षी लंडनच्या जी. डब्ल्यू. बेकन या नकाशे छापणाऱ्या संस्थेने फ्रेड रोझ याचा युद्धनकाशा विक्रीस काढला. रोझ हा सरकारी नोकरीत असलेला गृहस्थ होता. त्याच्या नकाशातील बहुतेक देश माणसांच्या रूपात आपापल्या सीमांत बसले आहेत. रशिया मात्र माणूस नाही. तो अष्टपाद आहे, आणि त्याचे बाहू पोलंड, इराण, तुर्कस्तान अशा दिशांना सरपटत गेले आहेत.

येथे श्लेष मुद्दाम मोडला आहे, ही गोष्ट पुरेशा गांभीर्याने लक्षात घेतली जात नाही. इतर देशांची आकृती त्यांच्या सीमेने ठरते. रशियाची आकृती सीमेने ठरत नाही, ती सीमा ओलांडूनच सिद्ध होते. अष्टपादाला अस्थी नाहीत, निश्चित आकार नाही. तो जेथवर पोहोचेल तेथवर त्याचा देह. शेजारच्या माणसांशी तुलना केल्यावाचून हा मुद्दा उमटत नाही. पृष्ठावर एकच अष्टपाद आहे, यातच सारा युक्तिवाद आहे. 'अन्य राष्ट्रे आपापल्या जागी आहेत, हे एकटेच नाही' असे विधान येथे वाक्याविना केलेले आहे. येथे रूपक श्लेषावर मात करते, आणि ती मात हाच आरोप असतो.

मराठी वाचकाला या चित्राचा अर्थ लावावयास अडचण पडत नाही, कारण आपल्याकडे 'विळखा' हा शब्द आहे. कर्जाचा विळखा, व्यसनाचा विळखा असे आपण म्हणतो. परंतु आपला विळखा सर्पाचा आहे. तो एका वेळी एकालाच पडतो. अष्टपादाच्या रूपकात एकाच वेळी अनेकांना पकडण्याची शक्ती आहे. साम्राज्याच्या वर्णनाला ते म्हणूनच सोयीचे पडले. या प्राण्याची भीती त्या सुमारास वाङ्मयातही नवी होती. १८६६ च्या आपल्या कादंबरीत व्हिक्टर ह्यूगो याने ग्वेर्नसी बेटावरील बोलीतला 'प्येव्र' हा शब्द वापरला आणि तो प्रमाण फ्रेंचमध्ये रूढ झाला.

आता सूचीकडे पाहू. रोझच्या नकाशाखाली एक सलग परिच्छेद आहे. त्यात रशियाला लावलेली क्रियापदे एका बाजूस मांडावीत: बाहू पसरणे, पकडणे, पुढे सरसावणे, चिरडणे. ग्रेट ब्रिटन व आयर्लंड यांना लावलेली क्रियापदे दुसऱ्या बाजूस मांडावीत: उत्सुकतेने पाहणे, सज्ज असणे, रोखणे. पहिल्या बाजूची सर्व क्रियापदे देहाची व कृतीची. दुसऱ्या बाजूची दृष्टीची आणि प्रतिबंधाची. चित्रात हा भेद इतका स्पष्ट नाही. क्रियापदांनी तो केला आहे. शिवाय अष्टपादाला क्रिमियात झालेल्या जखमेचा विसर पडला आहे, असे सूची म्हणते. अष्टपादाला स्मृती देणे हे रूपकाच्या दृष्टीने विसंगत आहे. पण धमकी देण्यासाठी ते आवश्यक होते. १८५३ ते १८५६ च्या क्रिमियन युद्धात ती जखम करणाऱ्यांत ब्रिटन होते, हे त्या काळच्या वाचकाला सांगावे लागत नव्हते.

'ग्रेट ब्रिटन आणि आयर्लंड' या पदसमुच्चयाकडेही लक्ष द्यावे. हादोलने आयर्लंडला दोरी बांधली होती. रोझच्या वाक्यात ते ब्रिटनच्या बरोबरीने, त्याच उत्सुकतेने युद्ध पाहत आहे. आयर्लंडला स्वराज्य मिळावे म्हणून तेथे १८७३ पासून संघटित चळवळ चालू होती. ती या वाक्यात उरलेली नाही. सात वर्षांपूर्वी फ्रेंच चित्रकाराला जी दोरी दिसली, ती इंग्रजी उभयान्वयी अव्ययाने झाकली गेली.

चित्र स्वयंपूर्ण असते या समजुतीची परीक्षा आमच्या पदव्युत्तर वर्गात एकदा सहज झाली. रोझच्या नकाशाची सूची कागदाने झाकून विद्यार्थ्यांना तो वाचावयास सांगितला. अष्टपाद दुष्ट आहे, हे सर्वांनी ओळखले. परंतु ऑस्ट्रियाने हंगेरीला धरले आहे ते कशासाठी, यावर एकमत होईना. कोणी म्हणाले आलिंगन, कोणी म्हणाले झटापट, एकाने तर आधार दिला आहे असे सांगितले. सूचीप्रमाणे हंगेरी रशियावर धावून जाऊ पाहत आहे आणि बहीण ऑस्ट्रिया त्याला मागे ओढीत आहे. धरणे, आवरणे, कवटाळणे, सावरणे या क्रियांची मुद्रा चित्रात एकच असते. त्यांतील हेतूचा भेद भाषेलाच करता येतो. आणि प्रचाराचा सारा व्यापार हेतूच्या आरोपावर चालतो. म्हणून सूची ही नकाशाची जोड नसून त्याचे विधेय आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

५

सूचीत जे आहे त्याचा विचार झाला. चौकटीबाहेर जे राहिले त्याचाही व्हावयास हवा. रोझचा नकाशा युरोपचा आहे. त्याची कड पूर्वेकडे इराणच्या आसपास संपते. ब्रिटन सुएझचे रक्षण करण्यास सज्ज आहे, असे सूची सांगते. सुएझ कालव्याचे समभाग ब्रिटनने १८७५ साली विकत घेतले होते आणि त्या वाटेच्या दुसऱ्या टोकाला हिंदुस्थान होता. ती वाट जेथे पोहोचते तो देश मात्र नकाशात नाही.

१ जानेवारी १८७७ रोजी दिल्ली येथे दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले. त्या वेळी दख्खनमध्ये व मद्रास इलाख्यात १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ चालू होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेचे कार्यकर्ते त्याची हकीकत गोळा करून सरकारपुढे मांडीत होते. १८७८ मध्ये रशियाला धाक बसावा म्हणून सुमारे सात हजार हिंदी सैनिक माल्टा बेटावर नेण्यात आले. त्याच वर्षी ब्रिटनने सायप्रसचा ताबा घेतला आणि वर्षअखेरीस अफगाणिस्तानात सैन्य घातले. म्हणजे नकाशात 'पाहणारा' जो देश होता, त्याचे बाहू रशियाच्या बाहूंहून आखूड नव्हते. ते चौकटीबाहेर होते, इतकेच. चौकट हाही नकाशाचा एक शब्द आहे, आणि तो बहुधा नकारार्थी असतो.

यावर असा आक्षेप येऊ शकेल की, युरोपचा नकाशा काढणाऱ्याने हिंदुस्थान काढला नाही, यात डाव कसला? आक्षेप रास्त आहे. म्हणून रोझचाच दुसरा नकाशा पाहावा. १८९९ मध्ये त्याने सगळा युरोप गढूळ पाण्यात गळ टाकून मासे धरणाऱ्यांच्या रूपात दाखविला. तेथे ब्रिटनच्या साम्राज्याला चौकटीत जागा मिळाली आहे: जॉन बुलजवळ वसाहतींच्या मासळीने भरलेली मोठी टोपली आहे आणि इजिप्तची सुसर त्याच्या गळाला लागली आहे. पुढील वर्षी, १९०० च्या नकाशात, रशिया पुन्हा अष्टपाद झाला. परदेश हस्तगत करण्याची क्रिया दोन्हीकडे एकच आहे. एकीसाठी रूपक मृगयेचे, दुसरीसाठी हिंस्र जलचराचे. मासे धरणाऱ्याला कौशल्य असते, धीर असतो, सुटीचा दिवस असतो. अष्टपादाला फक्त भूक असते. आपले साम्राज्य म्हणजे छंद व परक्याचे म्हणजे स्वभाव, हा भेद ज्याने केला त्याला दोन्ही गोष्टी दिसत होत्या. तेव्हा हा अनवधानाचा प्रश्न राहत नाही.

येथे न्याय्य विवेक म्हणून एक गोष्ट सांगणे जरूर आहे. रोझचा नकाशा सरकारने काढलेला नव्हता. तो पैसे देऊन विकत घेतला जाणारा माल होता. त्याला सरकारी प्रचार म्हणता येणार नाही. परंतु प्रचाराला सरकारच लागते असे नाही. १८७८ साली लंडनच्या संगीतगृहांत गाजलेल्या एका युद्धगीतातील उद्गारावरून इंग्रजीला 'जिंगो' हा राजकीय शब्द मिळाला. ते गीतही कोणा मंत्र्याने लिहविलेले नव्हते. ज्या समाजाला युद्धाची भाषा विकत घ्यावीशी वाटते, तेथे 'पसरवावयाचे' या रूपातील अध्याहृत कर्ता ग्राहकच असतो.

६

रोझच्या अष्टपादाचा पुढील प्रवास एखाद्या शब्दाच्या प्रवासासारखा आहे. १९०४ मध्ये रशिया व जपान यांचे युद्ध सुरू झाले. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात केइओ विद्यापीठाचा विद्यार्थी ओहारा किसाबुरो याने युरोप व आशिया यांचा एक विनोदी राजनैतिक नकाशा प्रसिद्ध केला. त्यात रशिया काळा अष्टपाद आहे; फिनलंड, पोलंड वगैरे गिळलेल्या देशांच्या जागी कवट्या आहेत आणि बाहू आता तिबेट व चीनपर्यंत पोहोचले आहेत. मजकूर जपानी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत आहे.

हा द्वैभाषिक मजकूर अभ्यासकाने बारकाईने पाहण्याजोगा आहे. रशियाला हे नाव एका प्रतिष्ठित इंग्रजाने दिले, असे त्यात सांगितले आहे. त्या इंग्रजाचे नाव मात्र दिलेले नाही. न्यायशास्त्राच्या भाषेत हे आप्ताविना आप्तवाक्य झाले. १९०२ पासून जपान व ब्रिटन यांचा मैत्रीचा तह होता. तेव्हा इंग्रजी वाचकाला त्याचेच रूपक परत करून 'तुमचा शत्रू तोच आमचा' असे सुचविणे, हे या उसनवारीचे प्रयोजन असावे. पुढे अतिलोभी माणूस रिकाम्या हातानेच राहतो, अशा आशयाची जपानी म्हण येते, अष्टपादाला लहान माशापासूनही इजा होते असा टोला येतो, आणि शेवट जयघोषाने होतो. उसने रूपक घरच्या म्हणीने पचविले आहे. परंतु कवट्यांकडे पाहिले की ध्यानात येते, रोझच्या नकाशातील विनोद येथे बराच आटला आहे. हसू जाऊन भय उरले आहे.

तिसरा टप्पा १९१७ चा. मॉरिस न्युमाँ याच्या फ्रेंच भित्तिपत्रकात अष्टपाद प्रशिया झाला. युद्ध हाच प्रशियाचा राष्ट्रीय उद्योग, अशा अर्थाचे मिराबोच्या नावे चालत आलेले विधान हे त्याचे शीर्षक. चौथा टप्पा दुसऱ्या महायुद्धातील. जर्मनांच्या अंकित झालेल्या फ्रान्समध्ये १९४२ च्या सुमारास निघालेल्या पत्रकात अष्टपाद चर्चिल आहे. मेर-एल-केबीर, डाकार, सीरिया अशा ठिकाणी पसरलेल्या त्याच्या बाहूंतून रक्त गळत आहे, आणि विच्छेदन पद्धतशीर चालू आहे, विश्वास ठेवा, असे वाचकाला बजावले आहे. ज्या देशात हे रूपक जन्मले त्याच्यावरच ते उलटले. पाचवा टप्पा १९४४ चा; त्यात पॅट कीली या इंग्रज चित्रकाराने डच सरकारसाठी काढलेल्या पत्रकात अष्टपाद जपान झाला. चाळीस वर्षांपूर्वी ओहाराने ज्याचा वध योजिला, तोच प्राणी ओहाराच्या देशाच्या नावे उभा केला गेला.

या पाच टप्प्यांतील मजकुराची लांबी पाहावी. रोझला परिच्छेद लागला, ओहाराला दोन भाषांत परिच्छेद लागला, न्युमाँचे मुख्य विधान एका वाक्यात आटोपले, चर्चिलच्या पत्रकाला एक ओळ पुरली, कीलीला दोन लहान वाक्ये. लक्षणेचे रूढी व प्रयोजन असे दोन आधार काव्यशास्त्रात सांगितले आहेत. १८७७ चा अष्टपाद प्रयोजनमूलक लक्षणेचे उदाहरण होता. त्याचे प्रयोजन सूचीने समजावून द्यावे लागले. १९४४ पर्यंत ती लक्षणा रूढ झाली. चित्र स्वतः बोलते, असे ज्या पत्रकांविषयी आपल्याला वाटते, त्यांच्यामागे सदुसष्ट वर्षांचे वाचन उभे आहे. चित्र बोलू लागले नाही. आपण सूची पाठ केली. आणि जी सूची पाठ असते ती तपासली जात नाही. रूढ लक्षणेचा धोका तो हाच.

कीलीची दोन वाक्ये याची साक्ष देतात. इंडीज मुक्त झालेच पाहिजे, त्यासाठी राबा आणि लढा, असा त्यांचा आशय आहे. पहिल्या वाक्यात कर्तव्यार्थ आहे, पण मुक्त कोणी करावयाचे आणि कोणापासून, हे नाही. दुसरे आज्ञार्थी वाक्य डच भाषिकांना उद्देशून आहे. डच भाषेत ज्या वसाहतीला हे नाव होते, तेथील जनतेला वाक्यात स्थान नाही. ती अष्टपादाच्या बाहूत धरलेली बेटे आहेत. जपानपासून मुक्तता हा अर्थ चित्राने गृहीत धरला. १७ ऑगस्ट १९४५ रोजी इंडोनेशियाने स्वातंत्र्य जाहीर केले तेव्हा त्याच शब्दाचा दुसरा अर्थ प्रकट झाला. १९४७ व १९४८ मध्ये डच सैन्याने तेथे शस्त्रबळ वापरले आणि १९४९ च्या अखेरीस सत्ता सोडली. पत्रकातील 'मुक्त' या शब्दाचा श्लेष सोडविण्यास रणांगण लागले.

७

१९१४ च्या नकाशांविषयी थोडे सांगितल्यावाचून हे विवेचन पुरे होणार नाही. लंडनमध्ये त्या वर्षी निघालेल्या एका नकाशात राष्ट्रे कुत्री झाली: ब्रिटन बुलडॉग, जर्मनी डॅक्सहुंड, फ्रान्स पूडल, ऑस्ट्रिया मिश्र जातीचे. शीर्षक शिशुगीतातून उचललेले आणि मजकूर वॉल्टर इमॅन्युएल या विनोदी लेखकाचा. डॅक्सहुंडला वेड लागले म्हणावे तर त्या वेडात फार पद्धत दिसते, असा त्याचा सूर. युद्धाच्या पहिल्या महिन्यांत हा विनोद शक्य होता. जात सांगितली की स्वभाव सांगितला गेला, स्वभाव सांगितला की कारण शोधण्याची गरज उरली नाही. कुत्र्याच्या जातीवरून राष्ट्राचा निवाडा करणारे रूपक हसतहसत कोठे नेऊन ठेवते, हे विसाव्या शतकाच्या पुढील इतिहासाने दाखविले आहे.

जर्मन बाजूने त्याच वर्षी वाल्टर ट्रीअर याने युरोपचा नकाशा काढला. त्यात जर्मन व ऑस्ट्रियन सैनिक शत्रूंना बदडून काढीत आहेत आणि पूर्वेकडे रशियाचे अजस्र, विद्रूप रूप आहे. ट्रीअर १८९० साली प्राग येथे ज्यू कुटुंबात जन्मला होता. पुढे १९२९ मध्ये एरिख केस्टनर याच्या 'एमिल आणि गुप्तहेर' या बालकादंबरीची त्याने काढलेली चित्रे जगभर गेली. जर्मनीत त्याच्या वंशाच्या माणसांना जगणे अशक्य होऊ लागले, तेव्हा १९३६ मध्ये तो लंडनला गेला. दुसऱ्या महायुद्धात त्याने ब्रिटिश माहिती खात्यासाठी नाझीविरोधी चित्रे काढली. १९५१ मध्ये कॅनडात तो वारला. ज्या देशाला त्याने १९१४ मध्ये शूर सैनिकाचा देह दिला, त्या देहात पुढे त्यालाच जागा राहिली नाही. राष्ट्र म्हणजे एक देह, हे या नकाशांचे मूळ गृहीतकृत्य आहे. एका देहात एकच मन असते. मतभेद असणारा, वेगळा दिसणारा, अल्पसंख्य, असा कोणी त्यात मावत नाही. व्याकरणात 'रशिया बाहू पसरतो' हे एकवचन आपण सोयीसाठी वापरतो. नकाशा त्या एकवचनाला हाडामांसाचे करतो.

आकृती मुळातच त्याज्य आहे, असा याचा अर्थ नव्हे. तटस्थ हॉलंडमधील लुई रामाकर्स याने युद्धाच्या आरंभकाळात त्याच तंत्राने सबंध युरोप हे वेड्यांचे इस्पितळ म्हणून रंगविले. तेथे एका राष्ट्राला पशू व बाकीच्यांना माणूस करणारी विषम मांडणी नाही. रामाकर्स स्वतः पुढे जर्मनीविरुद्धच्या प्रचाराचा मोठा चित्रकार ठरला, हे खरे. तथापि त्या एका नकाशापुरता श्लेष सर्वांना सारखा लागू केलेला आहे. उपहासाची प्रामाणिकता ओळखण्याचे हे एक साधे गमक मानता येईल: पृष्ठावरील सर्व आकृती एकाच जातीच्या आहेत काय?

८

यावरून अभ्यासाची जी दिशा सुचते ती अशी. उपहासनकाशा वाचताना प्रथम सूची झाकून पाहावी, म्हणजे चित्राला किती कमी सांगता येते ते कळेल. नंतर सूचीतील क्रियापदे कर्त्यानुसार वेगळी मांडावीत, म्हणजे हेतूचा आरोप कोठे केला आहे ते कळेल. शेवटी चौकटीबाहेरचा भूगोल ताडून पाहावा, म्हणजे न बोललेले वाक्य कोणते, ते कळेल. यांपैकी एकही गोष्ट चित्रकलेच्या जाणकाराची वाट पाहणारी नाही. ती भाषेच्या विद्यार्थ्याची कामे आहेत.

या नकाशांचा त्या काळच्या वाचकांवर नेमका किती परिणाम झाला, हा प्रश्न या लेखाच्या कक्षेबाहेरचा आहे, आणि केवळ कृती वाचून त्याचे उत्तर देऊ नये. परंतु कृतीने वाचकाकडून काय मागितले, हे कृतीतून सांगता येते. तिने हसू मागितले. किनाऱ्यात बाई दिसली, बेटात कुत्रे दिसले, की हसू येते. ते आपणांसही येते, आणि त्यात काही वावगे नाही. मात्र जो हसतो त्याने श्लेषाबरोबर सूचीही मान्य केलेली असते. 'वाचावयाचे' आणि 'पसरवावयाचे' या दोन रूपांतील अध्याहृत कर्ता कोण, हे वाचकाने स्वतःला विचारल्याशिवाय ठरत नाही. तो प्रश्न विचारण्याची सवय लावणे हे भाषाध्यापनाचे काम आहे, आणि नकाशांपुरतेच ते मर्यादित नाही.